दाजींचा नोबिता

दाजी भेटले की पहिल्या वाक्यात नाव घेत नाहीत, खरी गोची तिथे आहे. "काल पुन्हा मार खाल्ला हो पोराने," असं ते आपटा स्टेशनच्या बाकावर टेकता टेकता म्हणतात. शेजारचा प्रवासी हळहळतो. कुणाचा मुलगा, कोणी मारलं, अशी चौकशी करतो. दाजी तपशीलवार सांगतात. बाप नोकरीला आहे पण बढती नाही. आई दिवसभर खेकसते. गल्लीतला एक दांडगट पोरगा ह्याची खेळणी हिसकावतो. आणि घरात एक बिनकानाचं मांजर पाळलंय, त्याच्या जिवावर सगळं चाललंय. मांजरापाशी आल्यावर ऐकणारा जरा सरकून बसतो, पण तोवर रोह्याकडे जाणारी गाडी आलेली असते आणि बिचारा नोबिताची काळजी करत पेणला उतरतो.

तुमच्याही आळीत असे एक आजोबा असणारच. नातवाला झोपवायची जबाबदारी त्यांच्यावर असते. रात्री नऊला गादीवर नातू, खुर्चीत आजोबा आणि समोर टीव्ही. नियम असा की एकच कार्टून, मग झोप. हा नियम नातू कधीच मोडत नाही. तो पाच मिनिटांत आडवा होतो. आजोबा मात्र "आत्ता बंद केला की उठेल तो" म्हणत पुढचे दोन भाग बघतात. दाजींचा जन्म रसायनीच्या एका कारखान्यात पाळ्या करण्यात गेला. ऑपरेटर म्हणून लागले, ऑपरेटर म्हणूनच निवृत्त झाले. त्यांना जागरणाची काय भीती? मधली भिंत सामाईक असल्यामुळे जागरण मलाही घडतं, ते वेगळं.

नुसतं बघून थांबले असते तर मी हा लेख लिहिला नसता. पण दाजी सकाळी त्याचा पंचनामा करतात. छोटा भीम 2008 पासून ढोलकपूर सांभाळतोय. तर दाजींचं म्हणणं, राजा इंद्रवर्मा करतो काय? दरोडेखोर आला, बोलवा भीमाला. राक्षस आला, बोलवा भीमाला. मग शिपाई पगार कसला घेतात? पारावर पाण्याच्या लाइनीचा विषय तापलेला असताना त्यांनी हे काढलं, तेव्हा एकाने गंभीरपणे विचारलं, "हे ढोलकपूर कुठल्या तालुक्यात येतं?" मोटू-पतलूबद्दल त्यांना एकच चिंता आहे. त्या सामोश्यांची उधारी शेवटी भरतं कोण?

पण जीव खरा नोबितावर. फुजिको फुजिओंनी त्याचं 'डोरेमॉन' हे कार्टून 1969 च्या अखेरीस जपानी मासिकांतून सुरू केलं. तेव्हापासून पोरगं प्राथमिक शाळेतच आहे. "आपल्याकडे घातला असता तर आठवीपर्यंत आपोआप सरकला असता," दाजी म्हणतात. 1995 च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवट आमच्याच फलाटावर चित्रित झाला, म्हणून मुंबईची जोडपी अजून फोटो काढायला येतात. दाजी त्यांना जागा दाखवतात आणि वर सुनावतात, "त्या सिमरनच्या बापाने शेवटी हात सोडला, बरं केलं. पण नोबिताची आई? ती काही त्याचा कान सोडत नाही." जोडपी फोटो न काढताच पुढे सरकतात.

एकदा मीही ज्ञान पाजळलं. म्हटलं, "दाजी, इंग्लंडात 1957 पर्यंत संध्याकाळी सहा ते सात टीव्ही चक्क बंद असायचा. पोरांना झोपवता यावं म्हणून."

दाजी अवाक झाले. "बंद? मग पोरं झोपायची कशी?"

मग मी पूर्व जर्मनीतला 1959 पासूनचा बाहुला काढला. पांढरी दाढीवाला सँडमन रोज संध्याकाळी टीव्हीवर येतो, छोटीशी गोष्ट दाखवतो आणि जाताना झोपेची वाळू उधळतो. अजूनही येतो. दाजींनी पाताळगंगेच्या दिशेने पाहिलं. "वाळूचं नाव काढू नका," म्हणाले, "तहसीलदार येतील."

गेल्या जूनमध्ये मुलगा-सून नातवाला घेऊन कामोठ्याला गेले. शाळा तिकडे, नोकऱ्या तिकडे. तिथल्या डॉक्टरांनी रात्रीचा टीव्ही बंद करायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये म्हटलंय की तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी फार तर तासभर पडदा, कमी असेल तितका बरा. सुनेने रिमोट कपाटात टाकला. मला वाटलं, सुटलो.

छे! आता दाजी आठला एकटेच कार्टून बघतात आणि नऊला कामोठ्याला फोन लावून बघितलेलं सगळं सांगतात. फोनवर बोलताना पलीकडचं गाव जितकं लांब तितका आवाज मोठा, अशी त्यांची समजूत असल्याने मलाही सगळं ऐकू येतं. आणि गंमत म्हणजे ते बघितलेलं सांगतच नाहीत. त्यांच्या गोष्टीत तो दांडगट जियान पावसाळ्यात चिखलणीला जातो आणि दोन दिवसांत सरळ होतो. नोबिताला गणितात पस्तीस पडतात. त्याच्या बापाची बदली रसायनीला होते आणि तिथे त्याला एकदम सुपरवायझर करतात. त्या बिनकानाच्या मांजराकडे, म्हणजे डोरेमॉनकडे, एक दरवाजा आहे, उघडला की हवं तिथे पोहोचवतो. जपान्यांनी तो जगभर कुठेही उघडेल असा केलाय. दाजींच्या गोष्टीत तो कामोठ्याच्या बेडरूममध्ये लागतो आणि उघडतो तो फक्त आपट्यात, आमच्या सामाईक ओटीवर. मी टीव्हीचा आवाज हल्ली नऊ वाजता कमी करतो. उगाच त्यांना व्यत्यय नको.

परवा सून आली होती, वैतागलेली. तासाची मर्यादा पडद्याला घातली, आजोबांना घातली नाही. फोन दीड दीड तास चालतो. त्यातून पोरगं शेजाऱ्यांकडे डोरेमॉन लागला तर भांडून येतं. नोबिताच्या बाबांना बढती मिळालीय हे यांना माहीतच नाही म्हणतं.

दाजींनी ऐकून घेतलं. मग पिशवी उचलली आणि पेढे आणायला पनवेलला गेले.