तापून काय होतंय?

नवी शेगडी आली आणि आमच्या घरात संयमाची परीक्षा सुरू झाली. बटण दाबा, वळवा, ज्योत पेटली तरी पाच-सात सेकंद दाबूनच धरा. आधी सोडलं की फुस्स! तिसऱ्याच दिवशी आईनं निकाल दिला, "जुनी बरी होती. तिचे असे नखरे नव्हते."

नखरे करते ती बर्नरला खेटून उभी असलेली काडीएवढी सळई. थर्मोकपल. आत दोन वेगळ्या धातूंचा सांधा. सांधा ज्योतीत आणि दुसरं टोक गारव्यात असलं की तारेतून वीज वाहते. किती? व्होल्टचे काही हजारांश! पण तेवढ्यावर आतलं चुंबक गॅसची झडप उघडी धरून बसतं. दूध उतू जाऊन ज्योत विझली की सळई निवते, झडप मिटते. ना सेल, ना प्लग, ना वीजबिल.

ही करामत झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाला 1821 साली दिसली. शेजारची होकायंत्राची सुई हलली, म्हणून त्यानं ही करामत चुंबकाच्या खाती टाकली. अहो, ही वीज आहे, हे त्याला डॅनिश शास्त्रज्ञ ऑर्स्टेडनं सांगितलं. पुढं सोव्हिएत रशियात रॉकेलच्या दिव्यावर असल्याच सांध्यांचा मुकुट चढवून खेड्यापाड्यांत रेडिओ वाजवले. कंदिलांचा तुटवडा आपल्याकडेही नव्हता म्हणा. दोन्ही व्हॉयेजर यानं 1977 साली प्लुटोनियमच्या उबेवर प्रत्येकी सुमारे 470 वॅट घेऊन निघाली. तेवढ्यावर आपल्या मिक्सरला ओलं खोबरं वाटताना धाप लागेल. ती यानं आंतरतारकीय अवकाशात पोचली.

हे वाचलं की मे महिन्यात कुणीतरी विचारणारच, "मग चंद्रपूरच्या उन्हाळ्यातून वीज का काढत नाही?"

काढा की. फक्त गार टोक कुठून आणता ते सांगा. नुसत्या तापण्याला इथं कुणी विचारत नाही, दोन टोकांतला फरक लागतो. 1998 साली सेइको कंपनीनं मनगटाच्या उबेवर चालणारं घड्याळ काढलं. मनगट गरम, हवा गार, म्हणून ते चालायचं. चंद्रपुरात पंचेचाळीस अंशाला हवाच मनगटापेक्षा गरम! तिथं विजेची दिशाच उलटी व्हायची.

तसा चंद्रपुरात उष्णतेचा कारखाना आहेच, 2920 मेगावॅटचा. कोळसा जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन. आणि कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता धुराड्यातून आणि गार करायच्या पाण्यातून बाहेर. ती थर्मोकपलनं पकडावी, तर मिळालेल्या उष्णतेतला शंभरातला पाच-सात भाग हाती लागतो आणि त्या सांध्यांना बिस्मथ-टेल्युरियमसारखा महागडा माल लागतो. उरलेल्या उष्णतेची वीज होते, ती तारांवरून पुण्या-मुंबईला येते. तिथं तिच्यावर एसी चालतात आणि खोलीतली उष्णता खिडकीबाहेर, शेजाऱ्याच्या गॅलरीत टाकतात.

आईनं मात्र शेगडीशी जुळवून घेतलंय. बटण दाबून ती एक श्लोक म्हणते. श्लोक संपला की ज्योत टिकलेली असते. मी चहा ठेवायला गेलो, घाईत दोन चरणांतच सोडलं.

फुस्स.