नळीत झेंडू

पुतण्या अमेरिकेत, विस्कॉन्सिनला असतो. तिकडं नोव्हेंबरात बंदुकीनं हरणं मारायचा नऊ दिवसांचा हंगाम असतो. रीतसर परवाना काढायचा, अंगात डोळे दिपवणारं नारिंगी जाकीट घालायचं आणि पहाटे रानात जाऊन बसायचं. तर त्याच्या दोन शेजाऱ्यांत वाद पेटला. एक म्हणतो, रायफल रोज संध्याकाळी साफ करून तेलाचा हात दिलाच पाहिजे. दुसरा म्हणतो, हंगाम संपेपर्यंत नळीला शिवायचं नाही. धुतलेल्या तेलकट नळीतली पहिली गोळी भलतीकडंच जाते, एकदोन बारांची काजळी धरली की मगच नेम बसतो. पुतण्याला एकदम आठवलं की बंदूक आपल्याही घरी आहे. रात्री साडेअकराला फोन.

"काका, आपण किती दिवसांनी साफ करतो?"

"नऊ दिवसांनीच की," मी म्हटलं. "घट बसले की मोजायचे. खंडेनवमीला."

आमची बंदूक एकनळी, ठासणीची. आजोबांचा पहिला परवाना निजामाच्या अमदानीतला, उर्दूत. तो आजोबांना वाचता यायचा, वडिलांना अंदाजानं कळायचा आणि मला त्यातला फक्त शिक्का ओळखता येतो. बंदूक कशासाठी, तर पिकाच्या राखणीसाठी. १९५९ च्या शस्त्र कायद्यानंही ठासणीच्या बंदुकीला शेतरक्षणाचा मान दिलेला आहे. पुढं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदूक आमच्याकडं राहू दिली आणि समोरचं हरीण तेवढं काढून घेतलं. काळवीट पहिल्या अनुसूचीत. एका हिंदी नटाचं १९९८ चं काळवीट २०१८ नंतरही कोर्टात उड्या मारत होतं, हे आमच्या पारावरच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. रोही आणि रानडुकरांसाठी अर्ज-परवानगीची एक वाट आहे, पण कागद त्या वाटेनं चालत येतो आणि रोही पळत येतो.

त्यामुळं हंगाम असतो तो हरणांचा. दुधनेच्या खोऱ्यात सोयाबीन दोन पानांवर आलं की कळप हजर. कोवळे शेंडे असे नीट खुडतात की मजूर लावले तरी इतकं सफाईदार काम व्हायचं नाही. मग दुबार पेरणी. म्हणजे हरणांना दुसरी पंगत. दिवाळीच्या सुमाराला हरभरा. आमच्या बाजूनं बुजगावणं झालं, झटका मशीन झाली, कुत्र्याचं भुंकणं भरलेला भोंगा झाला. चौथ्या रात्री हरणं भोंग्याच्याच सावलीत बसलेली होती. सध्या बांधाला आईची जुनी लुगडी ताणून बांधली आहेत. काळविटांनी त्यांना शिंगं घासून घासून पदर तेवढे उसवले.

तर साफसफाई. आजोबा मात्र तिच्याबाबतीत कर्मठ होते. काळी दारू उडाली की नळीत जी राख राहते ती हवेतलं पाणी ओढते, आणि पावसाळ्यात रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी नळीला तांब चढलेली दिसते. म्हणून हवेत बार काढला की त्याच दिवशी चुलीवर पाणी कडकडीत तापायचं. बंब आधी बंदुकीचा, मग माणसांचा. गजाला चिंधी गुंडाळून नळी घासायची, पाणी काळ्याचं पांढरं होईपर्यंत. आजी म्हणायची, "एवढं मला कुणी न्हाऊ घातलं नाही."

खरं राजकारण तेलावरून. आजोबा शिलाई मशीनचं तेल वापरत. ते गेल्यावर वडिलांनी घरचं घाण्याचं करडईचं तेल सुरू केलं. मराठवाड्यात करडई असताना बाटलीतलं तेल कशाला, हा स्वाभिमान. पण करडईचं तेल हवेत वाळतं आणि वार्निशासारखं चिकट बसतं. दोन वर्षांत घोडा असा धरला की वर ओढलेला खालीच येईना. वडील म्हणाले, "बरंय, चुकून उडायची नाही." तेव्हापासून उडालेली नाहीच. मी रॉकेलनं घोडा सोडवला, पण तोवर बाजारातनं केपा आणायची सवय मोडली होती.

थोडक्यात, ज्यांची रोज उडते त्यांच्यात साफ करावी की नाही यावर वाद आहे, आणि आमची कधीच उडत नाही, म्हणून आमच्यात एकमत. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटं धरवत. तो सरंजाम परवडला असता. चित्त्याला निदान गज घालावा लागत नाही.

खंडेनवमीखेरीज दुसरा मुहूर्त निवडणुकीचा. आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा. आता कुणाचं घ्यायचं हे ठरवायला छाननी समिती असते आणि आमची बंदूक तिथं दरवेळी पास होते. घरात कुणी दहावीला एवढ्या सातत्यानं पास झालेलं नाही. जमा करायची म्हणजे पुसायची. गंजकी दिली तर हवालदार काय म्हणतील? परत आणली की पुन्हा पुसायची. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन, म्हणजे चार वेळा. वर दसरा.

त्या वर्षी दसरा १२ ऑक्टोबरला. आईनं बंदुकीला हळदकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली. १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली. यादीत नाव आलंच. मी कुंकू तेवढं पुसलं आणि ठाण्यात गेलो.

भरलेली आहे का हे बघायला हवालदारांनी नळीत गज सोडला. गज चार बोटं वरच अडला.

"भरलेलीय हो!" सगळे भिंतीला टेकले. मला कापरं भरलं. वडिलांनी मरणाआधी बार भरून ठेवला होता की काय? केप बसवलेली नव्हती, तरी कुणी जवळ येईना. शेवटी गजाला पेच लावून मीच हळूहळू फिरवला आणि ओढला. आधी दोन अक्षता आल्या. मग चेंदामेंदा झालेला झेंडू. नातवाला कुणीतरी सांगितलं होतं, ही ठासणीची बंदूक. त्यानं पूजेतलं फूल घेऊन ठासलं होतं.

हवालदारांनी पावती लिहायला घेतली आणि पेन थांबवून माझ्याकडं पाहिलं.

"हे पण लिहू?"

"लिहा की. निघालंय तर."

बंदूक एकनळी १, गज १, झेंडू १. निकाल लागल्यावर बंदूक आणि गज घेऊन घरी आलो तर आई दारातच उभी. तिनं पावती मागितली, माझ्याकडून वाचून घेतली आणि विचारलं, "अन् फूल काहून नाही आणलं?"