तारीख न देता बोलावे कसे
आयटी पार्कात नव्याने दाखल झालेल्यांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन. हिंजवडीतून म्हणा, मिहानमधून म्हणा, तुमची बदली चंदीगडच्या आयटी पार्कात झाली आहे. मनीमाजऱ्याच्या पलीकडे, किशनगडच्या अंगाला, २००५ साली सुरू झालेल्या या पार्काचे सरकारी नाव राजीव गांधी चंदीगड टेक्नॉलॉजी पार्क. हिंजवडीच्या पार्कालाही राजीव गांधींचेच नाव असल्यामुळे पाटी वाचून गाव बदलल्यासारखे वाटणार नाही. मागे शिवालिकच्या टेकड्या दिसतात, एवढाच फरक.

पंजाबी येत नाही म्हणून घाबरू नका. पंजाबी कँटीनमध्ये लागते. मीटिंगरूममध्ये जी भाषा चालते ती पुण्यात, बंगळुरूत, नोएडात एकच आहे आणि ती कोणाचीच मातृभाषा नाही. म्हणजे सगळे सारखेच कच्चे.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवतो. इथे लहानथोर सगळ्यांना 'जी' लावतात. पहिल्याच आठवड्यात 'सिनर्जी' कानावर पडेल आणि हे कोणी वरिष्ठ गृहस्थ असावेत असे तुम्हाला वाटेल. 'इथे सिनर्जी हवेत, सिनर्जींशिवाय जमणार नाही' असे दोघातिघांनी म्हटल्यावर खात्रीच पटेल. त्यांची केबिन शोधत फिरू नका. त्यांना आजवर कोणी पाहिलेले नाही.

आता मूळ सिद्धांत. कामाच्या साध्या वाक्यात तीन गोष्टी असतात: कोण करणार, काय करणार, कधी करणार. यातली एकही तोंडातून सुटली की ती मिनिट्समध्ये जाते, आणि मिनिट्समध्ये गेलेली गोष्ट अप्रेझलच्या दिवशी परत येते. तेव्हा चाळीस मिनिटे बोलायचे आणि ताकास तूर लागू द्यायची नाही, हीच सगळी विद्या. बाकीचे शब्द त्यासाठीची अवजारे.

एक वाक्य घेऊन प्रत्यक्ष करून पाहू. समजा सकाळच्या स्टँड-अपमध्ये तुमच्या ओठांवर असे आले आहे: 'मी शुक्रवारपर्यंत लॉगिनचे पान दुरुस्त करतो.' थांबा. हे वाक्य म्हणजे सही केलेला कोरा चेक आहे. आधी 'मी' काढा, तिथे 'टीम' घाला. टीम आठ जणांची असते, पकडणार कोणाला? मग 'शुक्रवार' काढा. शुक्रवार कॅलेंडरात सापडतो, 'अपकमिंग स्प्रिंट' म्हणा. 'दुरुस्त' म्हटले की आधी कोणीतरी बिघडवले होते असे निघते, म्हणून 'अ‍ॅड्रेस'. उरले लॉगिनचे पान. ते कोणालाही उघडून बघता येते, हा त्यातला मोठाच दोष. त्याला 'युजर जर्नी' म्हणा. झाले: 'युजर जर्नीचे पेन पॉइंट्स टीम अपकमिंग स्प्रिंटमध्ये प्रायॉरिटीने अ‍ॅड्रेस करेल.' सगळे माना डोलावतात. मॅनेजर 'ग्रेट' म्हणतो. तिकडे ग्राहक चौथ्यांदा पासवर्ड टाकतो आहे आणि पान चौथ्यांदा पांढरे पडते आहे.

स्टँड-अप उभ्याने का, असे नवीन मुले विचारतात. पाय दुखले की माणूस आटोपते घेतो, हा मूळ हिशोब. पंधरा मिनिटांची मर्यादा त्यासाठीच. आपल्याकडे मॅनेजर बसतो आणि बाकीचे उभे राहतात, त्यामुळे हिशोब थोडा चुकतो. स्टँड-अप ज्या पद्धतीत येतो तिचे नाव 'स्क्रम'. हा रग्बीतला शब्द ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी १९८६ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखात वापरला होता. पुढे २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि त्यांनी 'अ‍ॅजाइल'चा जाहीरनामा काढला. त्यांचे म्हणणे पानभरात मावत होते: कागदांचे भारे कमी करा, चालणारे सॉफ्टवेअर द्या, माणसांनी माणसांशी बोला. आता ते पानभर म्हणणे समजावायला कोच येतात, सर्टिफिकेटे मिळतात आणि स्लाइडांचे भारे होतात. त्या सतरांना आज आपल्या स्टँड-अपमध्ये उभे केले तर तेही 'अलाइन' होऊन मुकाट उभे राहतील.

नित्याच्या वापराचे काही शब्द पाठ करा. 'बँडविड्थ नाही' हा पहिला. वेळ नाही म्हणणारा आळशी ठरतो, बँडविड्थ नसलेला कामाने पिचलेला. 'हे ऑफलाइन घेऊ' म्हणजे उत्तर मला ठाऊक नाही, पण चार लोकांत विचारू नकोस. 'सर्कल बॅक करतो' म्हणजे नाही. 'हाय लेव्हलला बघू' म्हणजे उंटावरून शेळ्या हाकू. 'डीप डाइव्ह' म्हणजे एक्सेल उघडू. 'ओनरशिप घे' असे कोणी म्हणाले तर दोन पावले मागे सरका; हा शब्द नेहमी बुडत्या प्रोजेक्टच्या वेळीच निघतो. बाकीचे ऐकून ऐकून येतील.

'ईओडी' हा मात्र नीट शिकावा लागतो. 'ईओडीपर्यंत देतो' हे ऐकायला तारखेसारखे लागते, म्हणून नवशिके त्यालाच फसतात. दिवस अखेर, पण कोणाची? क्लायंट न्यूयॉर्कचा असेल तर त्याचे संध्याकाळचे पाच म्हणजे हिवाळ्यात आपले पहाटेचे साडेतीन आणि उन्हाळ्यात त्यांनी घड्याळे पुढे केली की अडीच. म्हणजे आजचे काम उद्या पहाटे दिले तरी ते आजच दिले. हा दरवाजा कामाचा आहे. पण तो दोन्ही बाजूंनी उघडतो, हे विसरू नका. क्लायंट शुक्रवारी ईओडीपर्यंत मागतो तेव्हा तो शुक्रवार तुमच्या शनिवारी पहाटे संपतो, आणि कसौलीला जायचे ठरवून सकाळी सहाला गाडी घेऊन खाली उभी राहिलेली रूममेट तुम्हाला टाइम झोन समजावू देत नाही.

ही सारी अमेरिकन थेरे आहेत असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. घरात एखादे काका मंत्रालयात किंवा जिल्हा परिषदेत असतील तर विद्या तुमच्या रक्तातच आहे. 'आपला अर्ज उचित कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे अग्रेषित करण्यात आला आहे.' यातला कर्ता शोधून दाखवा. 'करण्यात येत आहे' या चालीवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पेन्शनीत निघाल्या. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर सरकारने पदनाम कोश काढला, त्याला आचार्य अत्र्यांनी 'बदनाम कोश' म्हटले. अत्रे आज असते तर 'चीफ हॅपिनेस ऑफिसर' या पदाचे त्यांनी काय केले असते, याचा विचार मी कंटाळवाण्या मीटिंगमध्ये करत बसतो. वेळ छान जातो.

वेळ घालवायचे दुसरे साधन म्हणजे बिंगो. पंजाबी मैत्रिणींना तंबोला सांगितला की लगेच कळेल, आपल्याला हौजी. कागदावर चौकटी आखायच्या, प्रत्येकीत एक शब्द, साहेब बोलतील तसे खोडत जायचे. हा खेळ १९९३ साली सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीतल्या टॉम डेव्हिस नावाच्या शास्त्रज्ञाने रूढ केला. १९९६ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर एमआयटीच्या पदवीदानाला भाषण करायला गेले, तर पोरे समोर बिंगोची कार्डे घेऊन बसलेली. आपल्याकडे एवढेच पाळा: ओळ पूर्ण झाली तरी ओरडू नका. आणि कार्ड प्रिंटरवर विसरू नका.

ऑफिसाबाहेर ही भाषा नेऊ नये. हे शहर ल कॉर्बुझिएने आखले. इथे पत्ता म्हणजे सेक्टर आणि घराचा नंबर, आणि तेरावा सेक्टर मूळ आराखड्यात नव्हता तर नव्हता, त्याला कोणी 'फेज टू' म्हटले नाही. पराठ्याच्या गाडीवर 'टाइमलाइनवर अलाइन होऊ या' म्हणालात तर तवेवाला मान वर न करता एवढेच विचारील, 'कितने?' आकडा सांगा.

पुढचा धडा वरच्या वर्गाचा आहे आणि तिथे चेष्टा जरा बाजूला ठेवावी लागते. तुम्ही आत शिरलात तेव्हा माणूस होता, सोमवारपासून 'रिसोर्स' झालात. हे नुसते बोलण्यापुरते आहे असे वाटते, कारण सुरुवातीला रिसोर्सलाही वाढदिवसाचा केक मिळतो. मग प्रोजेक्ट संपतो, रिसोर्स 'बेंच'वर जातो, आणि एके दिवशी मेल येतो. आयबीएममध्ये कपातीला 'रिसोर्स अ‍ॅक्शन' म्हणतात. जुलै २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना लांबलचक पत्र लिहिले. सुरुवात 'हॅलो देअर' अशी खेळीमेळीची. पुढे स्ट्रॅटेजी, अलाइनमेंट, प्रॉडक्टिव्हिटी, कुठले फोन कुठे बसवायचे याचा बेत. साडेबारा हजार लोकांची नोकरी जाणार, ही बातमी त्याच्या बरीच खाली, परिच्छेदाच्या पोटात. लॉगिनच्या पानाचे आपण जे केले तेच त्यांनी माणसांचे केले. कृती एकच, माल वेगळा. असा मेल आला तर पहिले चार परिच्छेद सोडा आणि थेट आकडा कुठे आहे ते शोधा. आकडा सापडेना तर कोणत्या परिच्छेदात 'कठीण निर्णय' आहे ते बघा, तो तिथेच जवळपास असतो. आणि मेल वाचून होताच पीएफचा यूएएन, शेवटच्या तीन पगारपत्रकांच्या प्रती आणि रिलीव्हिंग लेटरबद्दल एचआरला लेखी विचारणा, एवढे त्याच दिवशी उरका. या विचारणेत मात्र साधी भाषा वापरा: कोण देणार, काय देणार, कोणत्या तारखेला.

शेवटी नेहमीची अडचण. तुम्ही सगळे धडे गिरवलेत, पाच मिनिटे अखंड बोललात, आणि पलीकडून क्लायंटची एखादी म्हातारी, पस्तीस वर्षे नोकरी केलेली बाई, अगदी गोड आवाजात विचारते: 'ते ठीक आहे, पण तारीख कोणती?' अशा वेळी आधी 'गुड क्वेश्चन' म्हणा, दोन सेकंद मिळतात. मग 'डिपेंडन्सीज' म्हणा. ती पुन्हा विचारील. अशा बायका विचारतातच. तेव्हा शांतपणे ओठ हलवत राहा आणि हात न दाखवता म्यूटचे बटण दाबा. कोणीतरी सांगेलच की तुमचा आवाज येत नाहीये. तोवर अकरा वाजून जातात आणि ती रूम पुढच्या मीटिंगसाठी बुक असते.