येऊ द्या, येऊ द्या...

आमच्या वाडीत साखरेचा ट्रक अडकला तो मोबाइलमधल्या नकाशावाल्या बाईमुळे, ही गोष्ट पंचक्रोशीत सर्वमान्य आहे. मीच ती सर्वमान्य केली आहे. ग्रामसभेत सांगितली, लग्नांत सांगितली, एकदा तर कुणाच्या तरी तेराव्याला पानं वाढून होईपर्यंत सांगितली. "हल्लीचे ड्रायव्हर डोकं गहाण टाकून गाडी चालवतात," असं मी म्हणतो आणि लोक माना डोलावतात. त्या बाईला बाजू मांडायला कुणी बोलावत नाही, हे एक बरं. कारण ती बिचारी त्या संध्याकाळी शांतपणे सांगत होती की सरळ ओणीला जा. डावीकडे वळा म्हणणारा मी होतो.

चौतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस फाट्यावरच्या टपरीत चहा पीत बसलेला असावा, आणि ट्रकची काच खाली करून कुणी "लांज्याला कुठनं जायचं ओ?" विचारावं! ह्यापुढे मेनका काहीच नाही.

२०२१च्या जुलैत पावसानं आंबा घाट खचला, अवजड गाड्या बंद झाल्या आणि कोल्हापूरकडचा माल अणुस्कुऱ्यानं उतरून आमच्या बाजूला येऊ लागला. तोवर आमच्या वाडीनं नेमानं पाहिलेलं सगळ्यांत अवजड वाहन म्हणजे गणपतीत येणारी मुंबईकरांची भरलेली जीप. मी म्हटलं, "ओणीचा वळसा कशाला? आमच्या वाडीतून काढा. सहा किलोमीटर वाचतील."

"रस्ता हाय न्हवं?"

"रस्ता? अहो, एसटी जायची!"

जायची हे खरं आहे. एका वर्षी, गणपतीपुरती.

वर मी त्यांच्या शेजारी केबिनमध्ये चढून बसलो. वाट दाखवायला. फाट्यावरच्या लोकांनी मला इतक्या उंचावर कधी पाहिलं नव्हतं.

ट्रकची रुंदी कायद्यानं २.६ मीटरपर्यंत असते. आमच्या वाडीचा रस्ता ३ मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून उरतात ४० सेंटिमीटर. दहा टायरच्या गाडीला मालासकट २८.५ टनांपर्यंत परवानगी असते. ही सगळी माहिती मला आज तोंडपाठ आहे. त्या दिवशी मला फक्त कोकणातल्या नद्या तोंडपाठ होत्या. एका अंगाला गडगा, दुसऱ्या अंगाला गटार, वरून फणसाची फांदी ताडपत्रीवर कराकरा ओढली जातेय, आणि मी म्हणतोय, "ह्या पुढे मोकळंच आहे." पुढे पूल होता.

पऱ्यावरचा आमचा पूल दगडी, एका कमानीचा, ब्रिटिशांच्या वेळचा. अशा पुलांची मुदत संपली की विलायतेहून कलेक्टरला पत्र येतं, अशी आमच्याकडे समजूत आहे. आमच्या पुलाचं पत्र अजून आलेलं नाही, यावर वाडीचा त्याच्या मजबुतीवरचा सगळा विश्वास उभा आहे. ड्रायव्हरांनी मात्र पुलाअलीकडे गाडी उभी केली, बॅटरी घेतली आणि लुंगी वर खोचून ते खाली पऱ्यात उतरले. पन्नाशीचा माणूस, कमानीखाली वाकून बघतोय. वर आले ते मान हलवत.

"काका, कमानीत पिंपळ उगवलाय. मुळ्या पार आत गेल्यात."

"पिंपळ पवित्र असतो," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

"किती टनाची पाटी न्हाई व्हय हितं?"

"नाही."

"मग ह्यो खांब कशाचा?"

पुलाच्या तोंडाशी एक लोखंडी खांब नुसताच उभा होता. मी विषय बदलला.

आता गाडी मागे घ्यायची होती. पाव किलोमीटर, अंधार पडताना, पावसात. आणि इथे मला जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण गाडी मागे घ्यायला लावणं ही माझ्या मते मराठी माणसाची एकमेव निर्विवाद कला आहे. नाटक बंगाल्यांकडेही आहे. पण कुठेही रिव्हर्सचा गिअर पडला की जमिनीतून उगवल्यासारखे चार पुरुष उगवतात, हे इथंच. एकाच्या तोंडात ब्रश असतो, एक सायकल सोडून आलेला असतो, एक तर समोरच्या घरातल्या पूजेवरून सोवळ्यात उठून आलेला असतो. ओळखदेख नसते, मोबदला नसतो. गाडीला मागे बघायचा कॅमेरा असला तरी फरक पडत नाही. कॅमेऱ्याला "येऊ द्या" म्हणता येत नाही.

ह्या "येऊ द्या"ला लय असते. दोन जलद, एक लांब. हात छातीशी वाकवून बोटांनी बोलवायचं, जणू नवी सून उंबरठा ओलांडतेय. मापं वेगळी: एक हात, वीतभर, चार बोटं, आणि सगळ्यांत भयंकर, "थोडंसं". "डावीकडे मारा" म्हणायचं, पण डावी तुमची की त्यांची हे सांगायचं नाही. ते दोघांनाही शेवटी कळतंच. उभं राहायचं ते आरशात अजिबात दिसणार नाही अशा जागी. आणि मग तो अखेरचा शब्द, "बस". ह्या एका शब्दात आपण थांबा म्हणतो, बसा म्हणतो आणि एसटीही म्हणतो. त्यातून तो नुसता म्हणायचा नसतो, आळवायचा असतो: "ब... स्स!" त्या ब आणि स्सच्या मधल्या जागेत ट्रक दोन फूट चालतो.

तो दोन फूट चालला. मागचं डावं चाक (त्यांचं डावं) गटारात गेलं, गाडी कलली आणि साखरेची थप्पी ताडपत्रीखाली कण्हल्यासारखी सरकली. खरं तर त्यांचा किन्नर, अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं, आधीच मागे जाऊन उभं राहिलं होतं. त्याला मी "बाळ, तू बाजूला हो" म्हणून हटवलं होतं. हे मी आजवर कुठल्याही पंगतीत सांगितलेलं नाही.

रात्री दोघं आमच्या ओटीवर. हिनं भात आणि कुळथाची पिठी केली. ड्रायव्हर जेवता जेवता गप्प. मला वाटलं, आता शिव्या येतील. मी त्यांच्या जागी असतो तर दिल्या असत्या. ते म्हणाले, "महाडचं झालं तवापासनं मी जुना पूल खालनं बघितल्याबिगर गाडी घालत न्हाई. मालक बोंबलतो उशीर झाला म्हणून. बोंबलू दे."

२ ऑगस्ट २०१६ची रात्र. सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला, आणि अंधारात दोन एसट्या माणसांसकट नदीत गेल्या. त्यातली एक राजापुराहून बोरिवलीला निघालेली होती. आमची. तिच्यातनं मी किती वेळा गेलो असेन, खिडकी अडवायला रुमाल टाकून. त्या रात्री पुलाजवळच्या गॅरेजातल्या एका माणसाला पूल गेल्याचं कळलं आणि तो रस्त्यावर जाऊन मागून येणाऱ्या गाड्या थांबवत राहिला. भर पावसात, दिव्यांच्या झोतात, हात वर करून. ओटीवर पडल्या पडल्या मला तोच दिसत होता. हातवारे मीही जन्मभर केले. सगळे येऊ द्याचेच.

पहाटे ड्रायव्हर तोंड धुवायला मागच्या पडवीत गेले. मी लोटा घेऊन धावलो, पण उशीर झाला. पिंपावरचं झाकण त्यांनी उचलून उलटं केलं होतं आणि ते वाचत होते. गोल पत्रा, लाल कड, मध्ये पाच टन. मे महिन्यातल्या तौक्ते वादळात ती पाटी उडून माझ्या बागेत आली होती. सरकारी मालमत्ता आहे, सांभाळून ठेवावी म्हणून मी ती उचलून आणली. पिंपाच्या तोंडावर इतकी नेमकी बसली की परत नेऊन लावायचं राहूनच गेलं.

त्यांनी शांतपणे तोंड धुतलं, पाटी आकडा वर करून पिंपावर ठेवली आणि टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाले, "काका, पिंपात पाच टनापेक्षा जास्त पाणी भरू नगासा."

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. चाळीस पोती उतरवून माझ्या ओटीवर रचली, गडग्याचे दगड काढून चाकाखाली घातले, ट्रॅक्टर लावला. मागे उभा राहिला तो किन्नर. त्यानं तोंड उघडलंच नाही. हौद्याच्या फळीवर तळहाताची थाप मारायचा: एक थाप, गाडी येतेय, दोन थापा, गाडी जागच्या जागी उभी. अर्ध्या तासात ट्रक फाट्याला. माझ्याकडे महिनाभर मुंग्या.

पाटी मी आठवड्यानं तारेनं खांबाला बांधली, कुणी बघत नाही असं बघून. हिनं पिंपाला ताट घातलंय, ते वाऱ्यानं पडतं आणि प्रत्येक वेळी ती माझ्याकडे बघते. आता रात्री पुलाकडे गाडीचा आवाज मंदावला की मी बॅटरी घेऊन निघतो. गेल्या पावसाळ्यात असाच धावलो, रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा, अजिबात न आळवता, खणखणीत ओरडलो, "बस!"

छोटा हत्ती होता. पाच टनांत आरामात मावणारा. पोरानं करकचून ब्रेक मारला, पलीकडचं दार उघडलं आणि म्हणाला, "बसा की काका, कुठं सोडू?"

पाऊस होता. बसलो.