पिष्टाची परिषद, मुक्काम गोंदिया

कर्बोदकांवर संशोधन करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय परिषद दर दोन वर्षांनी भरते. २०१२ साली ती माद्रिदला भरली, २०१४ च्या जानेवारीत बंगळूरला, २०१६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला, २०१८ मध्ये लिस्बनला, आणि अलीकडे २०२४ मध्ये शांघायला. म्हणजे ती भारतात येऊन गेली, पण गोंदियात उतरली नाही. हा अन्याय आहे असं मी चारचौघांत म्हटलं की लोक हसतात. पण ज्या जिल्ह्यात दोन्ही वेळेला भात, आणि मधल्या वेळेला मुरमुरे, त्या जिल्ह्याला न विचारता जगानं कर्बोदकांबद्दल काही ठरवावंच कसं?

तेव्हा ही परिषद मीच भरवायची ठरवली आहे. अर्थात मनातल्या मनात. मनातल्या परिषदेला अनुदान लागत नाही, शाल-श्रीफळ फुकट होतं आणि पाहुणे वेळेवर येतात. यजमानपद मी परस्पर नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठाला देऊन टाकलं आहे. गोंदिया जिल्हा त्याच्याच हद्दीत येतो. विद्यापीठ १९२३ चं, आणि शंभरीच्या वर्षात, २०२३ च्या जानेवारीत, त्यानं एकशे आठवी भारतीय विज्ञान काँग्रेस भरवलेली. म्हणजे मांडव घालायचा अनुभव आहे. पाहुण्यांना यायचीही अडचण नाही. मुंबई–हावडा मार्गावरचं जंक्शन आहे आमचं. झोप लागली तर तेवढं पुढे डोंगरगडला जाऊन परत यावं लागतं.

तारखेचा मात्र बराच विचार करावा लागला. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडया भरतात, रात्र रात्र दंडारी आणि नाटकं चालतात. त्या दिवसांत परिषद ठेवली तर संयोजन समिती नाटकाला जाईल आणि परदेशी पाहुणेही तिच्या मागोमाग. म्हणून डिसेंबर. तोवर कापणी-मळणी उरकलेली असते, धान खरेदी केंद्रांवर बारदाना नाही म्हणून ओरड सुरू झालेली असते आणि राइस मिलांचे पट्टे फिरत असतात.

उद्घाटनाला दिवा लावायचा नाही. पाटावर वाटीभर भात ठेवायचा आणि प्रमुख पाहुण्यांनी त्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा. भात निळाकाळा पडला की परिषद सुरू झाली. शाळेत हा प्रयोग आपण सगळ्यांनी केलेला असतो आणि मार्क मिळाल्यावर विसरलेला असतो. पिष्टात दोन प्रकारच्या साखळ्या असतात. अमायलोज सरळ असतं आणि स्वतःभोवती पीळ घेतं. अमायलोपेक्टिनला जागोजाग फाटे फुटलेले. आयोडीन त्या पिळाच्या पोकळीत जाऊन बसतं म्हणून तो निळा रंग. अमायलोज जास्त असलेल्या तांदळाचा भात मोकळा होतो. ते जवळजवळ नसलेला तांदूळ शिजला की गोळा. पूर्वेकडच्या देशांत तो चिकट भात काड्यांनी मजेत खातात. आमच्याकडे असा भात झाला तर स्वयंपाकघरात दोन पिढ्यांत बोलणं बंद होतं.

पहिलं सत्र ‘एकाच साखरेची दोन नशिबं’. ते मी मुद्दाम लांब ठेवलं आहे, कारण त्यातली गोष्ट मला कधीच पुरती पचली नाही. तांदूळ ग्लुकोजचा बनलेला. तणसातलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच. एकाच बांधीतलं, एकाच चिखलातून वर आलेलं, एकाच उन्हात पिकलेलं. फरक एवढाच, की एका ग्लुकोजचा हात दुसऱ्यानं धरताना कोणत्या बाजूनं धरला. एका बाजूनं धरला तर ते माणसाचं जेवण, दुसऱ्या बाजूनं धरला तर बैलाचं. आपल्या लाळेतलं विकर पहिली गाठ सोडवतं, दुसरीपुढे हात टेकतं. बैलालाही ती स्वतःला सुटत नाहीच. त्यानं पोटात सूक्ष्मजीवांचं बिऱ्हाड ठेवलेलं आहे, ते सोडवून देतं. पायेन नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८३३ मध्ये पेर्सोझच्या साथीनं मोड आलेल्या जवातून पिष्ट फोडणारं विकर वेगळं काढलं, आणि पाचच वर्षांनी, १८३८ मध्ये, सेल्युलोजही त्यानंच ओळखलं. म्हणजे दाणा आणि काडी दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर जमा. देवरी-सालेकशाकडची तेंदूपानंही सेल्युलोजच. ज्या ग्लुकोजचा भात होऊ शकला असता त्याची विडी वळली जाते, हे या सत्रात कोणीतरी मांडायला हवं. मांडणाऱ्यानं विडी बाहेर जाऊन ओढावी.

मग थोर पुरुषांना वंदन. एमिल फिशरनं शर्करांच्या रेणूंची रचना उलगडली, त्याला १९०२ चं नोबेल मिळालं. पण माझ्या मनातला मानाचा फोटो अर्जेंटिनाच्या लुइस लेलुआरचा. शरीर साखरेपासून साखर कशी रचतं, हे त्यानं शोधलं आणि १९७० चं नोबेल घेतलं. त्याची प्रयोगशाळा जेमतेम होती आणि ज्या खुर्चीवर बसून तो काम करायचा ती मोडकी, दोरीनं बांधलेली. तिचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. मोडक्या खुर्च्यांच्या बाबतीत आमचा जिल्हा स्वयंपूर्ण आहे. बाकीचं हळूहळू येईल.

दुसरा फोटो मात्र जवळच्याच जिल्ह्यातला. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे, तिथले दादाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत, जमीन एक-दीड एकर. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. बारीक दाण्याचं, चवीचं वाण तयार झालं. बाजारात नेलं तेव्हा त्याला नाव नव्हतं. तेव्हा मनगटामनगटावर एचएमटीची घड्याळं होती, व्यापाऱ्यानं तेच नाव देऊन टाकलं. आज पुण्या-मुंबईच्या दुकानांत पोत्यावर एचएमटी वाचणाऱ्यांना वाटतं, इंग्रजीतल्या एखाद्या लांबलचक शास्त्रीय नावाचा हा संक्षेप असेल. दादाजींना पुढे मानसन्मान मिळाले, २०१० मध्ये फोर्ब्जच्या यादीतही नाव आलं. पैसा त्या मानानं मिळाला नाही. २०१८ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्या नावे बीजभाषण ठेवायचं आहे. ‘बीजभाषण’ ऐकून त्यांना बहुतेक हसू आलं असतं.

त्यानंतर सगळ्यांना मिलमध्ये न्यायचं. सरकारी धानाची भरडाई करताना क्विंटलमागं ६७ किलो तांदूळ परत द्यावा लागतो. तेवढा निघतो की नाही, यावर मिलवाले आणि सरकार यांच्यात जुना वाद आहे, आणि पाहुण्यांनी त्यात पडू नये. उरलेल्यात भुसा, कोंडा आणि कणी. भुसा बॉयलरमध्ये जातो, कोंड्याचं तेल निघतं, तांदूळ पांढराशुभ्र होऊन पोत्यात पडतो. या शुभ्रतेची गोष्ट जावा बेटावरच्या कोंबड्यांनी जगाला सांगितली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आइकमन या डच डॉक्टरनं पाहिलं, की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा न काढलेला तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. त्यालाही १९२९ चं नोबेल मिळालं. धान आधी भिजवून वाफवलं तर कोंड्याकडचं ब जीवनसत्त्व बरंचसं दाण्यात उतरतं, शिवाय भरडताना दाणा कमी तुटतो. मिलवाले त्याला उसना म्हणतात. आमच्याकडे तो होत नाही असं नाही, पण पाहुण्यांच्या ताटात वाढायची वेळ आली की घरातून दटावणी येते: पांढरा काढा.

आता अडचणीचं सत्र. १९८१ मध्ये जेन्किन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अन्नानं रक्तातली साखर किती वेगानं चढते ते मोजायची पट्टी काढली आणि तेव्हापासून भात आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. माझ्याही रक्ताचा अहवाल मध्यंतरी फार गोड आला. डॉक्टर म्हणाले, भात कमी करा. त्यांच्या टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत, भाताचा डबा होता. गल्लीत ही बातमी माझ्याआधी पोचली. शेजारच्या काकूंनी फाटकातच गाठलं.

“काय भाऊ, भात सोडला म्हनते तुमी?”

“कमी केला, काकू.”

“मंग खाता तरी का?”

या प्रश्नाला ओट्स हे उत्तर गोंदियात देता येत नाही. मी गप्प बसलो. काकूंनीच मग मार्ग काढला. “रातचा भात पान्यात टाकून सकारी खा. आमची आजी ब्यान्नव वर्साची होऊन मेली.”

काकूंचा हा शोधनिबंध मी स्वीकारला आहे. शिजलेला भात थंड झाला की त्यातलं काही पिष्ट पुन्हा घट्ट जुळतं आणि लहान आतड्यात पचायला दाद देत नाही, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. किती, ते तांदळावर आणि थंडीवर अवलंबून. तेवढ्यानं साखर पळून जाते असं मात्र नाही, आणि काकूंच्या आजी दिवसभर बांधीत वाकून रोवणी करत, मी दिवसभर खुर्चीत बसतो. हा तपशील निबंधात तळटीप म्हणून जाईल. सीमेपलीकडे छत्तीसगडात याच भाताला बोरे-बासी म्हणतात. तिथल्या सरकारनं २०२२ च्या कामगार दिनी ती खायचं सगळ्यांना आवाहन केलं आणि अधिकाऱ्यांनीही वाट्या पुढे करून फोटो काढून घेतले. १ मे हा आमच्या जिल्ह्याचाही वाढदिवस, १९९९ चा. आम्ही त्या दिवशी झेंडावंदन करतो आणि जिलेबी खातो.

जेवणाचा बेत ठरला आहे. चिन्नोरचा भात, वरण, लाखोरीच्या डाळीचे वडे, तांदळाचे आयते गुळाबरोबर. चिन्नोर शिजताना जो वास सुटतो त्याच्या मुळाशी असलेला रेणू बासमतीतही असतो, हे शास्त्रज्ञ मंडळी एकमेकांना सांगतील आणि सांगता सांगता दुसऱ्यांदा वाढून घेतील. ज्यांच्या भाषणाचा विषय मधुमेह आहे त्यांच्यासाठी काकडीची सोय वेगळ्या टेबलावर आहे. तिथे गर्दी होईल अशी अपेक्षा नाही.

राहता राहिली दुपार. भातानंतरच्या दोन ते चारमध्ये कोणतंही गंभीर सत्र ठेवण्यात अर्थ नाही, मग वक्ता नोबेलवाला का असेना. ती वेळ मी पालकमंत्र्यांना दिली आहे. पहिली पंधरा मिनिटं सभागृह घोरेल, शांघायवाले धरून. पण भाषणात ‘धानाचा बोनस’ हे दोन शब्द आले की पोटात कितीही भात असो, मागच्या रांगेपर्यंत सगळे टक्क जागे होतात, आणि पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: मागच्या वर्षीचा कधी जमा होणार?