टेन्सनाना

केळीपट्ट्यातल्या प्रत्येक गावात एक टेन्सनाना असतो. आमच्या सावद्याचा त्यातल्या त्यात अस्सल. वय साठीच्या अल्याड-पल्याड, थोडी केळी, सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं आणि जिभेवर अष्टौप्रहर इंग्रजीचं व्याकरण. महाराष्ट्रात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. नाना त्याआधीचे, पाचवीत एबीसीडी गिरवलेले, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेले. त्यामुळे इंग्रजी बोलायचं असतं, हे त्यांना मान्यच नाही. इंग्रजी सोडवायचं असतं. 'डू अॅज डायरेक्टेड'!

सराव सकाळी टपरीवरच सुरू होतो.

"काय करून राहिले, नाना?"

"आय अॅम ड्रिंकिंग टी." कप रिकामा होताच, "आय हॅव ड्रंक." शेवटचा शब्द ऐकून बाकावरचा परगावचा पाहुणा जरा लांब सरकतो. टपरीवाल्यानं पैसे मागितले की नाना पास्ट परफेक्टमध्ये शिरतात, "बिफोर यू आस्क्ड, आय हॅड पेड." टपरीवाला उधारीची वही उघडून दाखवतो. वहीत मात्र सगळं प्रेझेंट असतं.

हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी असते. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून होतात, कळण्याच्या भाकरी येतात, आणि पहिला घास तोंडात जायच्या आत नाना हात वर करतात. "नो अदर भरीत इज अॅज गुड अॅज धिस भरीत. कंपॅरेटिव्ह करा." पोरं भुकेपोटी करतात. सुपरलेटिव्ह होईस्तोवर भरीत गार. सावद्याची कितीतरी पोरं दहावीला इंग्रजीत निघाली, ती या भुकेवर.

पण नानांचा खरा वर्ग बागेत. मृगबाग लावली की वर्षभर फ्यूचर टेन्स: घड पडेल, भाव मिळेल, पोरीचं लग्न होईल. मग मे-जूनचं वादळ येतं आणि कापणीला आलेली बाग आडवी करून जातं. बांधावर उभं राहून नाना म्हणतात, "इफ द विंड हॅड नॉट कम, वी वुड हॅव सोल्ड द क्रॉप." थर्ड कंडिशनल. कॉलेजातल्या पोरांना तो वर्षभर समजत नाही. केळीवाल्याला एका रात्रीत समजतो. आणि बाग वाचलीच, तर "नो सूनर डिड द ट्रक कम दॅन द रेट फेल" हे वाक्य नानांना पुस्तकात शोधावं लागलेलं नाही.

इतिहाससुद्धा नाना व्हॉइस बदलून सांगतात. शेजारच्या फैजपूरला 1936 साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. "नेहरू प्रिसाइडेड ओव्हर द सेशन. पॅसिव्ह करा." नातू करतो, "द सेशन वॉज प्रिसाइडेड ओव्हर." नाना डोळे वटारतात, "अन् बाय नेहरू कुठी गेलं? ज्यानं केलं त्याचं नाव गाळायचं नाही. मार्क त्याचेच असतात!"

हा नियम एकदा भलत्याच ठिकाणी कामी आला. नानांची केळी नेलेला एक व्यापारी हिशेबाला बसला होता. भोवती आणखी चार-पाच शेतकरी. व्यापारी शांतपणे म्हणाला, "काय आहे नाना, भाव कमी केला गेला. वजनात कट धरला गेला. बाकीचे पैसे दिले जातील."

नानांनी खिशातलं पेन काढलं. "तीन वाक्यं, तिन्ही पॅसिव्ह. बाय हूम?"

"म्हणजे?"

"कमी केला कोणी? कट धरला कोणी? देणार कोण?"

व्यापाऱ्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि शेवटी अॅक्टिव्ह व्हॉइसमध्ये आला, "मी देतो. सोमवारी." एका शेतकऱ्यानं तिथल्या तिथं विचारलं, "नाना, हे कोण्या टेन्समधी?" नाना म्हणाले, "सोमवारी कळेल."

पैसे मंगळवारी आले, पण आले. तेव्हापासून गावानं नानांच्या अख्ख्या व्याकरणातले दोनच शब्द उचलले. आता कुठल्याही खिडकीवर कोणी "तुमचं काम केलं जाईल" म्हणालं, की अंगठेबहाद्दर आजीपासून पुढची सगळी रांग एका सुरात विचारते, "बाय हूम?"