चावलं कोण?

अण्णा तंबाखू खात नाहीत, पण चुन्याची डबी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चोवीस तास असते. मधमाशी, गांधीलमाशी, लाल मुंगी, मुंगळा, कोळी, सुरवंट. जे डसेल, चावेल किंवा नुसतं अंगावरून चालत जाईल, त्या प्रत्येकावर अण्णांकडे वेगळा उतारा आहे, आणि शेवटी लागतो तो चुनाच.

असे अण्णा प्रत्येक सोसायटीत सापडतात. एरवी गुडघे धरतात म्हणून ते मीटिंगला येत नाहीत, पण खालून कुणी ‘आई गं!’ म्हणून ओरडलं की तीन जिने उतरून हजर. पहिला प्रश्न ठरलेला: “चावलं कोण?” ज्याला डसलंय तो हात झटकत नाचत असतो, अण्णा त्याच्याकडे बघत नाहीत, फरशीवर आरोपी शोधतात. सापडला तर त्याला चिमटीत धरून उजेडात फिरवून बघतात. मग निदान. मधमाशीचं विष आम्ल, म्हणून चुना. गांधीलमाशीचं अल्क, म्हणून लिंबू. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातलं एवढंच अण्णांनी जन्मभर सांभाळलं आहे. पण लिंबू नेमकं सकाळी पोह्यांवर पिळून झालेलं असतं, म्हणून गांधीलमाशीलाही चुना.

विष कातडीच्या आत गेलेलं, चुना वर. त्या दोघांची गाठ पडत नाही. शिवाय त्या विषातली खरी कारस्थानं प्रथिनांची असतात. आम्ल-अल्काच्या हिशेबानं ती मिटत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या एका पोराच्या गालाची सूज दोन दिवसांत उतरली, चुन्यानं पोळलेलं मात्र आठवडाभर पुरलं. “विष बाहेर पडतंय,” अण्णा म्हणाले.

मधमाशीचा काटा उलट्या दातऱ्यांचा. तो आपल्या कातडीत अडकतो आणि विषाच्या थैलीसकट तिथेच राहतो; माशी मरते, थैली तरी पिचकत राहते. तो नखानं खरवडून काढायचा की चिमट्यानं, यावर अण्णांचं एक प्रास्ताविक आहे. ते पाच मिनिटं चालतं. थैली मिनिटभरात रिकामी होते. काटा कसाही काढा, लगेच काढा, एवढंच खरं. गांधीलमाशी काटा मागे ठेवत नाही, ती पुन्हा पुन्हा डसू शकते. पण अण्णा तिचाही काटा शोधतात, आणि भिंग मागवतात.

एक गोष्ट मात्र अण्णा पक्की करतात. बोटाला किंवा हाताला डसलं असेल तर आधी अंगठी, बांगडी उतरवायला लावतात. सूज चढली की ती निघत नाही, कापावी लागते. हे ज्ञान काकूंच्या अंगठीच्या खर्चानं घरात आलं.

अण्णांचा लौकिक मोठा आहे, आणि तो का आहे हे सांगायला हवं. डसलेली जागा साबणानं धुतली, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धरला, खाज फार असेल तर कॅलामाइन लावलं किंवा डॉक्टरांना विचारून सेटिरिझिनची गोळी घेतली, की भागतं. काहीच केलं नाही तरी बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत भागतं. हे जे आपोआप भागतं, ते सगळं अण्णांच्या खात्यावर जमा होत आलं आहे.

अण्णा मूळचे महाडकडचे. विंचवाचा विषय निघाला की त्यांची मान ताठ होते. लाल विंचू चावला की कोकणात माणसं हृदय निकामी होऊन जात. मंत्र घालून विंचू उतरवणारे अण्णांनी लहानपणी पाहिले आहेत. मग महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी रक्तदाबाची प्राझोसिनची गोळी वापरून कितीतरी जीव वाचवले, ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, २०२२ साली पद्मश्री मिळाली. “मंत्र गेले, औषध आलं!” अण्णा टाळी वाजवून सांगतात आणि त्याच हातानं चुन्याची डबी उघडतात.

परवा वॉचमनदादांना मानेवर गांधीलमाशी डसली. चुना लागला. थोड्याच वेळात दादांच्या अंगभर गांधी उठल्या. अण्णा डगमगले नाहीत. “पित्त उठलंय. आमसुलं भिजत घाला, अंगाला पाणी चोळू.” दादांचे ओठ जाड झाले, आवाज घोगरा झाला, चक्कर येते म्हणाले. अण्णांचा युक्तिवाद तयार होता: “मागच्या वर्षीही याला चावली होती, तेव्हा काही झालं नाही. शरीराला सवय झालेली असते.”

शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञालाही असंच वाटलं होतं. त्यानं आणि पोर्तिएनं कुत्र्यांना समुद्री जीवांचं विष थोडं थोडं टोचलं, सवय होईल म्हणून. काही दिवसांनी अगदी कमी मात्रेचा दुसरा डोस दिला, आणि कुत्रं अर्ध्या तासाच्या आत गेलं. १९०२ साली त्यांनी या प्रकाराला ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हटलं, १९१३ साली रिशेला नोबेल मिळालं. शरीर पहिल्या खेपेला गप्प बसून नोंद ठेवतं आणि पुढच्या खेपेला वसूल करतं, हे अण्णांच्या पुस्तकात नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर नाईट ड्यूटी करून झोपल्या होत्या. त्या गाऊनवर ओढणी टाकून खाली आल्या, दादांना एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “अण्णा, आमसुलं सारात घाला.” दादांना आडवं केलं, पाय उशीवर ठेवले, उठून चालू दिलं नाही, १०८ लावला. दवाखान्यात मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं. या दुखण्यावर तेच पहिलं औषध. ॲलर्जीच्या गोळीनं ते थांबत नाही. दादांना त्या दिवशी घरी सोडलं नाही, कारण उतरलेला त्रास काही तासांनी उलटू शकतो.

दादा परत आले तेव्हा गेटवर अण्णा उभे होते. “चुना वेळेवर लागला म्हणून,” ते म्हणाले.

तेव्हा मंडळी, नुसती जागच्या जागी सूज असेल तर अण्णांना खुशाल बोलवा. चहा तेवढा ठेवावा लागेल. पण अंगभर गांधी, ओठ-जिभेची सूज, घोगरा आवाज, दम, उलट्या किंवा चक्कर, यातलं काही दिसलं तर आधी १०८ लावा. अण्णांना नंतर कळवलं तरी चालेल.